बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं

सुरंगी (धागा)

रताळ्याचं शास्त्रीय नाव इपोमिया बटाटास. बटाट्याचं सोलॅनम ट्यूबरोसम. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात 'बटाटा' ही नोंद आजही रताळ्याच्या खात्यावर आहे, आणि आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याच्या नावात हा शब्द औषधालाही नाही. ही शास्त्रज्ञांची गफलत नव्हे. नाव खरोखरच रताळ्याचं होतं. ते त्याच्याकडून कसं गेलं, याचा गेले काही महिने शोध घेतेय. जे हाती लागलं ते इथे मांडते. भर घाला, चुकलं तर सांगा.

कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर टाइनो लोक राहत. आज जिथे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक आहेत ते बेट, शिवाय क्युबा, प्वेर्तो रिको. त्यांच्या भाषेत रताळ्याला 'बटाटा' म्हणत. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोचला आणि स्पॅनिश लोकांनी कंद आणि शब्द दोन्ही जहाजात घातले.

आपला बटाटा मात्र तिथला नव्हेच. तो अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा, टिटिकाका सरोवराच्या आसपासचा. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. स्पॅनिश फौजा त्या भागात १५३० च्या दशकात पोचल्या, त्यामुळे युरोपला रताळं आधी ठाऊक झालं, बटाटा मागाहून. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका रुग्णालयाच्या १५७३ च्या खरेदीच्या हिशेबात बटाटे आहेत. युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

आता दोन्ही जमिनीखाली वाढणारे, दोन्ही समुद्रापलीकडून आलेले, दोन्ही उकडून खायचे. नावांची सरमिसळ व्हायला एवढं पुरलं. स्पेनमध्ये 'पापा' आणि 'बटाटा' मिळून 'पताता' झालं. दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये मात्र अजूनही शुद्ध 'पापा' चालतं. इंग्रजीतला 'पोटॅटो' आधी रताळ्यालाच लावत. १५९७ मध्ये जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिज्ञाने आपल्या ग्रंथात नव्या कंदाला 'व्हर्जिनियाचा पोटॅटो' म्हटलं. व्हर्जिनियाशी त्याचा संबंध नव्हता, पण निदान तो वेगळा आहे एवढं तरी त्या नावातून कळत होतं. पुढे नवा कंद एवढा पसरला की नुसतं 'पोटॅटो' म्हटलं की तोच, आणि रताळ्याला 'गोड' हे विशेषण लावल्याशिवाय ओळख उरली नाही. पोर्तुगीजमध्येही तेच झालं. बटाटा तो 'बटाटा', रताळं ते 'बटाटा-दोस', म्हणजे गोड बटाटा. ज्याचं नाव, त्यालाच विशेषण लावून ओळख द्यायची पाळी आली.

आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, हे शब्दांचा नकाशा काढला तरी दिसतं. सिंधीत 'पटाटो', गुजरातीत 'बटाटा' आणि 'बटाका', मुंबईत बटाटा, कोकणात बटाटा, गोव्यात 'बटाट', खाली मंगळुराकडे तुळूत 'बटाटे'. सगळी बंदरपट्टी. तिथून तो घाटावरच्या मराठीतही चढला, पण आणखी आत, विदर्भात आणि उत्तरेकडे गेलं की 'आलू' सुरू होतो.

जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्रज वकील टॉमस रो याला आसफखानाने मेजवानी दिली. तिचं वर्णन रोबरोबरच्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने केलंय, आणि त्यात उत्तम शिजवलेल्या पोटॅटोचा उल्लेख आहे. भारतात बटाटा आल्याचा पहिला पुरावा म्हणून हे वाक्य सगळीकडे दिलं जातं. मला ते पटत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजाच्या तोंडी 'पोटॅटो' म्हणजे बहुतेक वेळा रताळं. त्या ताटात रताळी असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. कोलंबस आल्यानंतर जेमतेम दोन पिढ्यांत टाइनो समाजाची वाताहत झाली. रोगराई, वेठबिगारी, कत्तली. त्यांची भाषा बोलणारं आज कोणी नाही. आणि त्यांचा हा शब्द वेंगुर्ल्याच्या बाजारात रोज शेकडो वेळा उच्चारला जातो.

तुमच्या भागात बटाट्याला आणि रताळ्याला काय म्हणतात ते जरूर लिहा. विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी.

वैनगंगा

फार सुंदर लिहिलंय. आमच्याकडे भंडाऱ्याला घरात आलूच. आलूची भाजी, आलूबोंडा. बटाटा हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला. पुण्यात शिकायला गेल्यावर वसतिगृहातल्या मुली आलू ऐकून 'तू हिंदी बोलतेस' म्हणायच्या, तेव्हा फार राग यायचा. आमचा शब्द मराठी नाही का?

दुसरं, आलू फारसीतून आला असं कुठेतरी वाचलं होतं. आलुबुखार फारसीच ना?

जुनी_वही

वैनगंगा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण यात दोन वेगळे शब्द योगायोगाने एकसारखे दिसतात.

फारसीत 'आलू' म्हणजे प्लमचं फळ, ज्याला आपण आलुबुखार म्हणतो ते. बुखाऱ्याचा आलू. 'जर्द' म्हणजे पिवळा, म्हणून 'जर्द आलू', तोच आपला जर्दाळू. बटाट्याशी याचं काही नातं नाही. इराणमध्ये बटाट्याला 'सीबजमिनी' म्हणतात, जमिनीतलं सफरचंद.

बटाट्याचा आलू संस्कृतातला. 'आलु' किंवा 'आलुक' म्हणजे खाण्याजोगा कंद, कुठल्या तरी एकाच जातीचा असं नव्हे. सुश्रुतसंहितेत कंदांची यादी आहे, तिच्यात पिंडालुक, मध्वालुक, हस्त्यालुक, काष्ठालुक, शंखालुक, रक्तालुक अशी आलुकांची रांगच आहे. अमेरिकेतला एकही कंद त्या काळी इथे नव्हता. म्हणजे आलू हे नाव बटाट्याआधी किती तरी शतकं इथे होतं, बटाटा आल्यावर त्याला ते मिळालं.

आणि आता मराठीपुरती खरी गंमत. संस्कृत शब्दात दोन स्वरांमध्ये एकटा ल आला की मराठीत त्याचा ळ होतो. फल, फळ. काल, काळ. नील, निळा. त्याच नियमाने आलु म्हणजे आपलं अळू! अळूवडीचं, फदफद्याचं अळू. आणि रक्तालु म्हणजे रताळं. आलू, अळू आणि रताळं ही सख्खी भावंडं आहेत. आलू मराठीत उत्तरेच्या वाटेने पुन्हा आला म्हणून त्याचा ल टिकला, एवढाच फरक. तेव्हा त्या मुलींना सांगा, अळूवडी खाणाऱ्याने आलूला परका म्हणू नये.

सुरंगी

जुनी_वही, हे फारच मोलाचं. रताळं आणि अळू एका घरातले हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण मग एक प्रश्न उभा राहतो. सुश्रुतात रक्तालुक आहे, आणि रताळं तर अमेरिकेतून आलं. मग सुश्रुताचं रक्तालुक कोणतं?

तापीकाठ

त्याचं उत्तर सुरतेच्या भाजीबाजारात आहे. लग्न होऊन इकडे आले, पहिल्या आषाढी एकादशीला भाजीवाल्याकडे रताळी मागितली. त्याने मोठ्या ठोकळ्यासारखा, आतून जांभळा कंद काढून दिला. कोनफळ! गुजरातीत 'रताळु' म्हणजे कोनफळ. उंधियूत घालतात ते, सुरतेला ज्याची पुरी म्हणून भजी करतात ते. आपल्या रताळ्याला इथे 'शक्करिया' म्हणतात. तेव्हापासून मी घरात दोन्ही शब्द वापरते आणि मुलं विचारतात, मराठीतलं की गुजरातीतलं.

जुनी_वही

तापीकाठ, अगदी नेमकं. हिंदीतही रतालू म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंदच, आणि रताळ्याला शकरकंद. म्हणजे गुजराती आणि हिंदीने रक्तालूचा जुना अर्थ सांभाळला, मराठीने तो नव्या पाहुण्याला दिला.

आता मराठीतली साखळी बघा. बटाट्याने नाव घेतलं रताळ्याचं. रताळ्याने घेतलं कोनफळाचं. मग मूळ रक्तालू उरला बिननावाचा, तर त्याला कोनफळ म्हणू लागले. वाड्यात नवा भाडेकरू आला की जुने एकेक खोली मागे सरकतात, तसं.

माणिकतला

नोकरीमुळे कोलकात्यात आहे. इथे बटाटा 'आलू' किंवा 'गोल आलू'. आणि रताळं 'रांगा आलू'. रांगा म्हणजे लाल. संस्कृत रक्तालूचा जणू नव्याने केलेला बंगाली अवतार. 'मिष्टी आलू'ही म्हणतात. आणि 'मेटे आलू' म्हणजे कोनफळासारखा जमिनीतला मोठा कंद. बंगालीत आलू हा अजूनही कुळाचं नाव आहे, पुढे विशेषण लागलं की व्यक्ती कळते. सुश्रुताच्या यादीतली रीत जिवंत आहे म्हणायची.

गोवळकोंडा

हैदराबादेत मराठी घरात वाढलो. तेलुगूत बटाट्याला 'बंगाळादुंप' म्हणतात, दुंप म्हणजे कंद. बंगालचा कंद. तेलंगणात 'आलुगड्डा' जास्त ऐकू येतं, कन्नडमधल्या 'आलूगड्डे'सारखं. तमिळमध्ये 'उरुळैक्किळंगु', गोल कंद. म्हणजे तेलुगू माणूस कुठून आला ते सांगतो, तमिळ माणूस कसा दिसतो ते सांगतो. माणिकतला, तुमच्या बंगालला इथे भलतं श्रेय मिळालंय!

कुलाबा_ते_अश्दोद

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मूळचे अलिबागकडचे, आता इस्रायलमधल्या अश्दोदला. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

इथे हिब्रूत 'बताता' म्हणजे रताळं. बटाट्याला 'तपूआह अदमा', जमिनीचं सफरचंद. माझी मोठी आत्या मुंबईहून इथे आली तेव्हा तिला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं. दुकानात रताळ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून दुकानदार 'बताता' म्हणाला आणि तिला वाटलं, याला बटाटा म्हणजे काय हेच माहीत नाही. ती त्याला मराठीत समजावत राहिली. घरात आजही बटाट्याची भाजी म्हटलं की पिवळी भाजी, आणि बाजारच्या यादीत बताता लिहिलं की रताळं. लहान मुलांना यात काहीच अडचण येत नाही.

सुरंगीताई, तुमच्या लिहिण्यावरून आज कळलं की दुकानदाराचा शब्द टाइनोंच्या जास्त जवळचा होता. आत्याला फोन करून सांगणार आहे.

सुरंगी

किती छान! आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना काय वाटलं तेही इथे लिहा.

मूळ अर्थ राखणारी आणखी एक भाषा सापडली, सिंहली. श्रीलंकेत 'बतल' म्हणजे रताळं. तिथे पोर्तुगीज आधी आले, त्यांनी बटाटा हा शब्द रताळ्यासाठी दिला. मग डच आले, ते खरा बटाटा घेऊन आले, आणि डचमध्ये त्याला 'आर्डअप्पल' म्हणतात, पुन्हा जमिनीचं सफरचंदच. त्याचं सिंहलीत 'अर्तापल्' झालं. दोन कंद, दोन राज्यकर्ते, दोन शब्द, आणि दोघांत गल्लत नाही.

मोका_पर्वत

मॉरिशसहून. आमच्या क्रिओल भाषेतही तसंच. 'पतात' म्हणजे रताळं, बटाटा 'पोमदेतेर'. रताळ्याच्या पारीत खोबऱ्याचं सारण भरून 'गातो पतात' करतात, आपल्या करंजीसारखा आकार. माझे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. घरात मराठी आता सणावारापुरती उरली आहे, पण महाशिवरात्रीला आजी 'रताळी' म्हणायची ते कानात आहे.

पठारावरचा

मी शेतकरी माणूस, शब्दांतलं फार कळत नाही, पण बटाट्यातलं कळतं. आमचं सातगाव पठार, पुणे जिल्हा. पावसाच्या पाण्यावर खरिपात बटाटा घेतो. बेणं पंजाबातून येतं.

जातींची नावं बघा. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी सिंदुरी. लोकांना वाटतं कुफरी म्हणजे बटाट्याचा काही प्रकार असेल. कुफरी हे सिमल्याजवळचं गाव आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली, १९५६ मध्ये सिमल्याला गेली, आणि कुफरीला त्यांचं केंद्र, म्हणून तिथून निघालेल्या जातींना ते नाव. आमच्याकडे कोणी पूर्ण नाव घेत नाही. 'यंदा ज्योती लावली' एवढंच. बाजारात गेल्यावर तोच माल 'आग्रा', 'इंदूर' अशा नावाने ओळखला जातो, गावावरून. जातीचं नाव शेतात, गावाचं नाव अडत्याकडे, आणि घरी गेला की नुसता बटाटा.

आणि हो, आमच्याकडे रताळं वेल लावून करतात, बटाटा डोळ्यावरून. एक मॉर्निंग ग्लोरीच्या फुलाच्या कुळातलं, दुसरा वांग्याच्या. दोघांत काही नातं नाही. नावाने जोडले गेले तेवढेच.

सुरंगी

पठारावरचा, शब्दांतलं कळत नाही म्हणता आणि सगळ्यात स्वच्छ तुम्हीच लिहिलंत. बटाट्याचं फूल बघितलं की वांग्याचं नातं लगेच कळतं.

दशमी

मला उपासाबद्दल लिहायचंय. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा, सगळे मूळचे अमेरिकेतले. साबुदाणा आपल्याकडे ज्या कसाव्याचा करतात तोही तिथलाच. आणि गहू-तांदूळ, जे इथे हजारो वर्षं आहेत, ते उपासाला चालत नाहीत. हे अनेकजण थट्टेने सांगतात. मला त्यात थट्टा वाटत नाही.

उपासाला धान्य वर्ज्य, कंदमुळं आणि फळं चालतात, हा नियम जुना. नवीन कंद आला तेव्हा प्रश्न एवढाच होता की हा कंद आहे का. त्याला रताळं म्हटलं, आलू म्हटलं, की उत्तर मिळालं. रक्तालू चालत होता, मग त्याच्या नावाचा हाही चालला. जुनी_वहींनी नावांची साखळी सांगितली, तिचा उपयोग असा झाला असावा असं माझं मत आहे. नाव परदेशी राहिलं असतं तर उपासाच्या ताटात शिरायला वेळ लागला असता. टोमॅटो बघा ना, तो कंदाच्या कुठल्याच जुन्या नावाखाली बसला नाही आणि बऱ्याच घरांत अजून उपासाला चालत नाही.

जुनी_वही

दशमी, विचार फार चांगला आहे, पण बटाटा हे नाव तर परदेशीच राहिलं, आणि तो तर उपासाचा राजा. नावापेक्षा जमिनीखाली वाढणं महत्त्वाचं ठरलं असावं. रताळ्यापुरतं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

दशमी

मान्य. पण तुमच्या देशावर आणि आमच्या कोकणात फरक असू शकेल. कोकणात कणगी, करांदे, सुरण, कोनफळ हे सगळं उपासाला आधीपासून होतं. तिथे नवा कंद पंगतीत बसायला नावाची गरजच नव्हती.

निळी_शाई

रताळ्याबद्दल एक राहिलं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत रताळ्याला 'कुमारा' म्हणतात, आणि अँडीजच्या भागात क्वेचुआत रताळ्यासाठी 'कुमार' असा शब्द नोंदलेला आहे. पॅसिफिक महासागरातल्या कुक बेटांवर जळालेल्या रताळ्याचे अवशेष सापडले, ते कोलंबसाच्या कितीतरी आधीचे. पॉलिनेशियन दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेला जाऊन आले असावेत याचा हा एक भक्कम दुवा मानला जातो. काही संशोधक म्हणतात की बी समुद्रातून वाहत गेलं असेल. पण बियाणं वाहून जाईल, शब्द कसा वाहून जाईल? माझं मत दर्यावर्द्यांच्या बाजूने.

तापीकाठ

निळी_शाई, म्हणजे रताळं दोन्ही बाजूंनी जग फिरलं, आणि दोन्ही वेळा नाव बरोबर घेऊन. बिचाऱ्याचं आपल्याकडे आल्यावरच हरवलं.

वैनगंगा

जुनी_वही, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अळूच्या कंदाला आमच्याकडे आलूच म्हणायची जुनी माणसं, बटाटा यायच्या आधीपासून. किती खरं ते तपासायला गावी गेल्यावर आजोळच्या लोकांना विचारणार आहे.

जुनी_वही

जरूर विचारा, आणि कोणत्या गावात, कोणत्या वयाच्या माणसाने सांगितलं ते लिहून ठेवा. हे मिळालं तर फार मोठी गोष्ट आहे.

काळी_नदी

कारवारहून. किनाऱ्यावर आम्ही कोकणीत 'बटाट', इथलं कानडीही 'बटाटे'. घाट चढून हुबळीला गेलं की 'आलूगड्डे'. मधल्या शिरसी-यल्लापूर भागात दोन्ही ऐकलेत, हव्यक घरांत बटाटे जास्त. बेळगाव, खानापूर, चंदगडच्या मंडळींनी आपल्याकडचं सांगितलं तर रेघ नेमकी कुठून जाते ते कागदावर काढता येईल. रताळ्याला आमच्याकडे 'कणंग' म्हणतात. दशमींच्या कणगीशी तो जुळतो का, तेही कोणी बघावं.